नावं उसवणारी व्हर्ना

व्हर्ना स्टॅनेकला राग आला की तो आधी तिच्या पायात उतरायचा. शिलाई मशीनचं पायडल ती असं काही दाबायची, की शेजारच्या धुलाईखोलीतून लू ओरडायचा, "व्हर्ना, शर्ट शिवतेयस की कुणाचा गळा दाबतेयस?"

"अजून ठरवलं नाही," ती म्हणायची.

एकोणतीस वर्षं ही बाई आमच्या पोर्ट ॲडलरच्या स्टेडियमखाली, बिनखिडकीच्या खोलीत बसून हॅमर्सच्या शर्टांवर नावं शिवत होती. हॅमर्स म्हणजे आमचा संघ. लांबोडा चेंडू छातीशी धरून एकमेकांवर आदळणारे त्रेपन्न दांडगे, आणि त्यांच्यापायी दर रविवारी स्वतःचं रक्त आटवणारं सगळं गाव. प्रत्येकाच्या पाठीवर, खांद्यांच्या खाली, नावाची एक पट्टी असते. ती पट्टी दुहेरी टाक्यांनी व्हर्ना शिवायची. समोरच्या संघाचे तीन राक्षस धरून ओढायचे, गुडघ्याला वर्षभराची पट्टी लागायची, पण व्हर्नाची पट्टी कधी निघाली नाही.

तिची आई आधी गावातल्या रेनकोटच्या कारखान्यात होती. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा ती इथं आली, आणि एका हिवाळ्यात तिचे हात सुजले म्हणून व्हर्ना चार आठवडे मदतीला आली. ते चार आठवडे अजून संपले नव्हते. सहा कोच तिनं पाहिले. त्यांतले पाच हरूनच गेले. हरणं आम्हाला काही नवं नाही. आमच्याकडे लग्नात नवरीचा बाप भाषण करतो, त्यातसुद्धा हॅमर्सच्या हरण्यावर दोन वाक्यं असतात. तेव्हा ही गोष्ट हरण्याची आहे असं कुणी समजू नये. हरताना माणसानं दुसऱ्या माणसाशी कसं वागावं, त्याची आहे.

संघातून कुणाला काढायचं असलं, तर पूर्वी त्याची एक रीत होती. कोच त्या खेळाडूला वर बोलवायचा. दार बंद व्हायचं. दहा मिनिटं, कधी वीस. खेळाडू खाली यायचा, कधी शिव्या देत, कधी रडत. त्यानंतर, आणि त्यानंतरच, लू व्हर्नाकडे चिठ्ठी आणायचा. शर्ट पुढच्याला लागणार असायचा, म्हणून ती पट्टी उसवायची, पातळ कागदात गुंडाळायची आणि त्या माणसाच्या हातात द्यायची. कुणी तिला मिठी मारायचं, कुणी बघायचंही नाही. पण आपण गेलो हे प्रत्येकाला जिवंत माणसाच्या तोंडून कळलेलं असायचं.

मग जानेवारीत कोच हॅलोरन आला.

हा कॉलेजच्या पोरांना जिंकवून आलेला. पोरांचे दात चमकावेत तसे याचे चमकायचे. पहिल्याच आठवड्यात त्यानं भिंती रंगवून घेतल्या, दर दहा पावलांवर एक उपदेश. शौचालयाच्या दारावरसुद्धा 'आज तू काय दिलंस?' असं लिहिलेलं. लूनं ते वाचून दाखवलं तेव्हा व्हर्ना दोन दिवस हसत होती.

जुलैत तिचं हसू थांबलं. फर्मान आलं, की उन्हाळी निवडीला आलेल्या नव्वदच्या नव्वद जणांच्या सरावाच्या शर्टांवरची नावं काढायची. या इमारतीत नाव कमवावं लागतं, असं कोचचं म्हणणं.

"त्यांच्या आयांनी ठेवलंय ते," व्हर्ना लूला म्हणाली. "त्यात कमवायचं काय?"

"मला नको विचारूस. मी साबण मोजतो," लू म्हणाला. लू पेलेग्रिनो म्हणजे खेळाडूंच्या सगळ्या सामानाचा मुख्य, आणि व्हर्नाचा साहेब. माणूस सरळ, पण कण्याच्या जागी टॉवेल.

व्हर्नानं नव्वद शर्ट उसवले. अकरा दिवस लागले. सामन्याच्या शर्टांवरची नावं तेवढी वाचली, कारण तो सगळ्या लीगचा नियम होता, आणि तिथं हॅलोरनच्या बापाचंही काही चाललं नसतं.

सप्टेंबरात सामने सुरू झाले आणि हॅमर्स हरायला लागले. नुसते हरले नाहीत, धुतले गेले. पहिला सामना चौतीस-तीन. दुसऱ्यात आपल्याच माणसानं आपल्याच माणसाला आडवं केलं. व्हर्नाचा नवरा रे, बस डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक, टीव्हीसमोर उभा राहून सामने बघायचा, कारण बसलं की छातीत दुखायचं. "अरे, पळ! उलटीकडे नाही रे, गाढवा! तुझी आजी तिकडे राहते का?" चौथ्या हारीनंतर लोक किराण्याच्या कागदी पिशव्या डोक्यावर घालून, डोळ्यांपुरती भोकं पाडून स्टेडियमात बसायला लागले. आपण हॅमर्सचे आहोत हे लपवायचं, पण घरीही बसायचं नाही. असलं वेड आमच्याच गावात.

कोचला मात्र लाज वाटायची नाही, त्याला राग यायचा, आणि रागावलेला साहेब नवा नियम काढतो. यानं काढला तो असा. खेळाडूंची सुट्टी मंगळवारऐवजी सोमवारी. सोमवारी दुपारी वरून यादी खाली येणार. यादीतल्यांच्या शर्टांवरची नावं व्हर्नानं संध्याकाळपर्यंत उसवायची. मंगळवारी सकाळी सामन्याचे धुतलेले शर्ट नेहमीप्रमाणे प्रत्येकाच्या लॉकरवर टांगलेले असतात. ज्याच्या शर्टाची पाठ कोरी, तो गेला. त्यानं कोपऱ्यातलं खोकं उचलून त्यात आपलं सामान भरायचं आणि मागच्या दारानं निघायचं. वर बोलावणं नाही, बंद दार नाही, दहा मिनिटं नाहीत.

"बोलण्यात वेळ जातो, असं म्हणतो तो," लूनं सांगितलं. "आणि बाकीच्यांना जरब बसते."

व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिनं टाके कापायचं पातं उचललं आणि उसवलं. हे लपवून चालणार नाही. सात सोमवार तिनं उसवलं. शिव्या देत, पायडल बडवत, पण उसवलं.

पहिल्या मंगळवारी प्रुइट नावाचा एक खेळाडू, चेंडूला लाथ मारायला ठेवलेला किडकिडीत माणूस, कोरा शर्ट हातात घेऊन तिच्या दाराशी आला होता. हसत होता. "मॅडम, माझं नाव शिवायचं राहिलं वाटतं." त्याला वाटलं, धुलाईत निघालं असेल. व्हर्नानं काय केलं? तोंडातल्या टाचण्या काढल्या नाहीत. टाचण्या तोंडात असल्या की बोलता येत नाही. बोटानं लूची खोली दाखवली. लूनं वरचा मजला दाखवला. वरच्या मजल्यावर कोचच्या सेक्रेटरीनं त्याला मागचं दार दाखवलं. चाळीस मिनिटं तो माणूस तो शर्ट घेऊन त्या इमारतीत फिरत होता.

त्या दिवशी व्हर्ना घरी जाऊन रेशी उगाच भांडली.

सेड्रिक टॉलिव्हर या सगळ्याच्या मधोमध उभा होता. खेळायचाही मधल्या फळीतच, चेंडू पायांतून मागे देणारा. अकरा वर्षं हॅमर्सकडे. मूळचा अलाबामाचा, आवाज मऊ, अंग कपाटाएवढं. दर मंगळवारी तो व्हर्नाच्या खोलीत टेबलाच्या कोपऱ्याला टेकायचा, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून तिनं आणलेला अक्रोडाचा रोल खायचा. तिला 'मिस व्हर्ना' म्हणायचा, कारण त्याच्या आईनं वडीलधाऱ्या बायकांना तसंच म्हणायला शिकवलं होतं.

"मिस व्हर्ना, या रोलनं माझं वजन वाढलं, की कोचला सांगेन कोणी केलं ते."

"सांग. तो माझं नाव उसवेल."

दहाव्या हारीनंतर याच सेड्रिकनं सगळ्या संघासमोर हात वर केला. "कोच, माणसाला काढायचं असेल तर तोंडावर सांगा. आम्ही काही खुंटीवरचे कोट नाही." हॅलोरन दात दाखवून हसला आणि पुढचा डाव फळ्यावर काढायला लागला.

अकराव्या सामन्यातही हरले. सोमवारी दुपारी तीन वाजता लू चिठ्ठी घेऊन आला. ती त्यानं टेबलावर पालथी ठेवली आणि उभा राहिला.

"किती?" व्हर्नानं विचारलं.

"तीन."

तिनं चिठ्ठी उलटली. तिसरं नाव टॉलिव्हर होतं.

"लू."

"मला माहीत आहे."

"अकरा वर्षं, लू! आणि गुरुवारी सामना! थँक्सगिव्हिंगच्या सणाचा! त्याच्या गुडघ्यात काय शिल्लक आहे ते या संघानं चोखून खाल्लंय, आणि आता खुंटीवर कोरा शर्ट?"

"व्हर्ना, मी काय करू? मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

"तू साबण मोज," ती म्हणाली. पहिले दोन शर्ट तिनं उसवले. तिसरा हातावर टाकला, पातं घेतलं आणि जिन्यानं वर गेली. एकोणतीस वर्षांत ती त्या मजल्यावर दोनदा गेली होती, दोन्ही वेळा पडदे मापायला.

हॅलोरन लॅपटॉपवर सामना बघत होता. "बोला, मॅडम. आपण कोण?"

"दहा महिने तुमचे शर्ट शिवतेय मी."

"अच्छा, छान. काय हवंय?"

तिनं शर्ट त्याच्या टेबलावर पसरला, नाव वर करून. शेजारी पातं ठेवलं. "हे तुम्ही उसवा. नाहीतर त्याला फोन करा. नंबर पाठ आहे माझा, सांगू?"

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं, मला यात मजा येते? एकेकाशी बोलत बसलो तर संघ कधी उभा करू?"

"अकरा सामने झाले. कुठं उभा आहे तो? मला तरी आडवाच दिसतो."

त्याचे दात दिसेनासे झाले. "हा शर्ट घेऊन जा," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि उद्या सकाळी तो कोरा नसला, तर ते काम करायला लू दुसरं कुणीतरी शोधेल."

"शोधू दे."

व्हर्ना खाली आली. तिनं शर्ट उसवला नाही. नावासकट सेड्रिकच्या लॉकरवर टांगला, बाह्यांवरून हात फिरवून सुरकुत्या काढल्या, आणि कोट घालून घरी गेली. तिचा हिशोब साधा होता. शर्ट कोरा नसेल तर खुंटी काही सांगणार नाही, आणि खुंटी सांगणार नसेल तर त्या दातवाल्याला जिभेनं सांगावं लागेल. झक मारत वर बोलवेल, दार बंद करेल, दहा मिनिटं देईल.

रे तर खूश झाला. "आडवाच दिसतो म्हणालीस? त्याच्या तोंडावर? म्हातारे, तुलाच कोच करायला हवं!" त्यानं भावाला फोन लावून तेच वाक्य तीनदा सांगितलं. व्हर्नानं बटाटे दुसऱ्यांदा वाढून घेतले. किती तरी महिन्यांत तिला अशी भूक लागली नव्हती.

मंगळवारी सकाळी सात वाजता ती आली, तर तिच्या खोलीत दिवा आधीच लागलेला. टेबलाच्या कोपऱ्याला सेड्रिक टेकलेला, गुडघ्याला चिकटपट्ट्या गुंडाळून तयार, आणि मांडीवर डोनटचं एवढं मोठं खोकं. माणूस नुसता फुलला होता.

"मिस व्हर्ना, नाव आहे!"

ती दारातच थांबली.

"साडेसहाला आलो. अहो, दोन रात्री झोपलो नाही. त्या दिवशी तोंड उघडलं ना मी, बायको म्हणाली, झालं, आता कोरा शर्ट. आम्ही खोकी आणून ठेवली होती घरी. आणि बघतो तर नाव! म्हणजे माणसाला कळतं थोडं. तोंडावर बोललेलं चालतं त्याला. मी चुकीचं समजत होतो त्याला." त्यानं खोकं पुढे केलं. "दालचिनीचा घ्या. मी मम्माला फोन केला. ती निघतेय बसनं. अठरा तास, या वयात! म्हणाली, तू गुरुवारी खेळशील की नाही ठाऊक नव्हतं, म्हणून येणार नव्हते, पण आता येते."

बाहेरच्या बोळात एक खोकं सरकवल्याचा आवाज आला. यादीतल्या दुसऱ्या दोघांपैकी कुणीतरी सामान भरत होता. सेड्रिकनं आवाज खाली आणला. "बिचारे," तो म्हणाला.

आठ वाजता संघाची बैठक असायची. हॅलोरननं काल रात्री काही फोन केलेला नव्हता, आज करणार नव्हता. आठ वाजता सेड्रिक दार उघडून आत जाणार, आपल्या खुर्चीकडे चालत जाणार, आणि एकावन्न माणसांसमोर त्याला कुणीतरी विचारणार की तू इथं काय करतोयस. व्हर्नाला ते दिसलं, आणि तिला स्वतःचीच चीड आली.

या वेळी तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या.

"सेड्रिक, ते खोकं खाली ठेव," ती म्हणाली. "तू यादीत आहेस. तुला काढलंय. शर्ट मी उसवला नाही, एवढंच."

तो तसाच बसून राहिला. हसू एकदम गेलं नाही, थोडं थोडं करून गेलं. "कधी?"

"काल."

"किती वाजता?"

"तीन."

"माझा नंबर नाही तुमच्याकडे?"

होता. अकरा वर्षं होता. दर नाताळात ती त्याच्या मुलींशी त्याच नंबरवर बोलायची.

"मला वाटलं, त्यानं सांगावं," व्हर्ना म्हणाली. "त्याचं काम आहे ते. मी वर गेले होते, सेड्रिक. शर्ट त्याच्या टेबलावर टाकला. म्हटलं, तुम्हीच उसवा. मला वाटलं, मी नाही म्हटलं की—"

"तुम्ही त्याला धडा शिकवत होतात, मिस व्हर्ना," तो म्हणाला. आवाज तसाच मऊ. "माझ्या शर्टावर."

त्यानं खाली वाकून गुडघ्याच्या चिकटपट्ट्या स्वतः फाडल्या. मग फोन काढला आणि तिथंच उभं राहून आईला लावला. "मम्मा, निघालीस? मग उतर. नाही, मला काही झालं नाही. उतर बसमधून. सांगतो ना, उतर." पलीकडून एक म्हातारा, घाबरलेला आवाज सारखा तेच विचारत होता, व्हर्नाला शब्द न् शब्द ऐकू येत होता. सेड्रिकनं सगळी उत्तरं दिली. फोन ठेवला. शर्ट घ्यायला तो लॉकरकडे गेला नाही. डोनटचं खोकं टेबलावर तसंच सोडून मागच्या दारानं गेला. तिच्याकडे वळून पाहिलं नाही, आणि पाहावं तरी का?

शर्ट तिनं साडेसातला उसवला. पट्टी कागदात गुंडाळून त्याच्या घरी पाठवली. ती न उघडता परत आली.

त्या दिवशी तिला कुणी कामावरून काढलं नाही. शर्ट आठ वाजता कोरा होता ना, मग वर कुणाला काय पडलीय! गुरुवारी हॅमर्स बारावा सामना हरले. पुढच्या सोमवारी लूनं चिठ्ठी आणली. व्हर्नानं ती वाचली, पातं बाजूला सरकवलं आणि भिंतीवरचा फोन उचलला.

"हे तुझं काम नाही," लू म्हणाला.

"ठाऊक आहे. ज्याचं आहे तो करत नाही, आणि ज्याला कळायला हवं त्याला कळत नाही. सरक तिकडे."

"हॅलो," ती म्हणाली. "मी स्टेडियमच्या शिवणखोलीतून व्हर्ना बोलतेय. उद्या तुझ्या शर्टावर नाव नसेल. मला तुला आजच सांगायचं होतं." पलीकडच्यानं तिला आयुष्यभर पुरेल अशी एक शिवी दिली. तिनं ती ऐकून घेतली, तो थांबेपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग फोन ठेवून शर्ट उसवायला घेतला. त्या डिसेंबरात तिनं असे नऊ फोन केले. वरून दोनदा निरोप आला की हे बंद करा. लूनं दोन्ही वेळा तो निरोप दारात उभं राहून, भिंतीकडे बघत वाचून दाखवला. सतरा सामन्यांत हॅमर्सनं एक जिंकला, तोही समोरच्यांचा अर्धा संघ तापानं पडला होता म्हणून. मालकानं कोचला आणखी एक वर्ष दिलं. धीर धरायला हवा म्हणे. अकरा वर्षं गुडघे झिजवणाऱ्याला दहा मिनिटं द्यायची नाहीत, आणि याला वर्ष!

शेवटच्या सोमवारच्या यादीत एकच नाव होतं. एव्हाना सगळ्यांना शिवणखोलीचा नंबर माहीत झालेला. सोमवारी दुपारनंतर स्टेडियमवरून फोन आला की घराघरांत माणसं खोलीबाहेर जायची. व्हर्नानं यादीतल्या माणसाचा नंबर लावला. कुणी उचलला नाही. तिनं परत लावला. चौथ्या वेळी एका बाईनं उचलला, तरुण आवाज, मागे टीव्हीवर कार्टूनचा गोंगाट.

"तो घरी नाही," ती बाई म्हणाली, आणि मग रडवेली होऊन, "तो घरी नाही असं सांग म्हणालाय."

"बरं," व्हर्ना म्हणाली. "त्याला म्हणावं, सावकाश ये. मी फोनवर थांबलेय."

पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. कार्टून चालू होतं. कुणीतरी काहीतरी बोललं, एक दार आपटलं, मग पुन्हा उघडलं. व्हर्ना फोन कानाशी धरून उभी राहिली. लूनं घड्याळ दाखवलं, तिनं मान हलवली. बऱ्याच वेळानं कुणीतरी कार्टून बंद केलं, आणि जड पावलं फोनच्या दिशेनं यायला लागली.